पाय परत येईपर्यंत

मागच्या महिन्यात कळमेश्वरहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांना जीबीएस, म्हणजे मला झाला होता तोच नसांचा आजार, झाला होता, ते आयसीयूत होते, आणि माझा नंबर त्यांना आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी दिला होता. स्वतःचं नावही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही खरंच चालता का? का मले धीर द्यायचा म्हणून सगळे सांगून राहिले?"

मी म्हटलं, "तुमचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिसरा मजला आहे. जिन्यानं आले."

त्या रडायला लागल्या. मग आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, मी खाटेवर पडले होते तेव्हा मलाही कोणी हे असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. औषधांचं नाही, ते डॉक्टर सांगतात. बाकीचं. म्हणून लिहिते आहे.

माझं नाव रजनी, वय एकावन्न. माहेर उमरेडचं. घरी हातमाग होते, आता भाऊसुद्धा विणत नाही. मी नागपुरात एका शाळेत गणित शिकवते. यजमान गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात तीस वर्षांपासून आहेत. एकुलती एक मुलगी श्रुती स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादा शहरात, मातीवर संशोधन करते. आणि मी धावते. म्हणजे धावायची. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं होतं, सेमिनरी हिल्सच्या चढावर, साडीच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत पाण्याची बाटली घेऊन.

आधीचे तीन आठवडे

आजाराच्या गोष्टीत स्पेन कशाला, असं वाटेल. पण पुढे डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न तिथूनच सुरू झाले, म्हणून ते आधी सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी श्रुतीकडे गेले होते. ती शनिवारी सकाळी एका गटाबरोबर डोंगरातल्या पायवाटांवर धावायला जायची. मला सपाट रस्त्याची सवय. पहिल्या शनिवारी तिनं मला पोकेइरा नावाच्या दरीत नेलं. दरीच्या एका अंगाला एकावर एक तीन गावं, पांढऱ्या भिंतींची, सपाट मातीच्या छपरांची. खालच्या गावातून सुरुवात करायची, दगडी गल्ल्यांतून वरच्या गावापर्यंत चढायचं, मग चेस्टनटच्या झाडांमधून दरीच्या तळापर्यंत उतरायचं, लाकडी पुलावरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडून परत. वाटेत चेस्टनटची काटेरी फळं फुटून पडलेली. हातानं उचलली की बोटांत काटे घुसत, बुटानं दाबली की आतून चकचकीत तपकिरी बी निघे.

रस्ता चुकायची भीती नव्हती. थोड्या थोड्या अंतरावर दगडावर, नाहीतर झाडाच्या बुंध्यावर पांढरा आणि पिवळा पट्टा रंगवलेला. रस्ता चुकीचा असेल तिथे त्याच दोन रंगांची फुली. मला हे फार आवडलं. गणिताच्या वहीतसुद्धा मी चुकीच्या पायरीवर फुली मारते, नुसतं बरोबर उत्तर लिहून देत नाही.

गटात एन्कार्ना नावाच्या बाई होत्या. साठीच्या पुढच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. कोणी मागे राहू नये म्हणून त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी धावायच्या. मी मागेच असल्यामुळे त्यांचा सहवास मला भरपूर मिळाला. उतारावर मी घाबरून पायांकडे बघत उतरायची. त्या काहीतरी ओरडायच्या. श्रुतीनं अर्थ सांगितला, "पायाकडे नको बघू. तीन पावलं पुढे बघ. पाय मागून येतात आपोआप."

तीन शनिवार, तीन वाटा. एक ही दरीची. एक जुन्या पाटाच्या काठानं जाणारी, अगदी सपाट, डाव्या हाताला झुळझुळतं पाणी आणि उजव्या हाताला खोल उतार. आणि एक ओकच्या जंगलातली, जिथे मी पहिल्यांदा एकदाही न थांबता उतरले.

नागपूरला परतले, शाळा सुरू झाली. एका लग्नात जेवले आणि तीन दिवस पोट बिघडलं. लग्नातल्या निम्म्या लोकांचं बिघडलं होतं. मी विसरूनही गेले.

मुंग्या

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सकाळी धावताना पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, बुटाची नाडी घट्ट झाली. सैल केली. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर धावता न?" तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात खाली बसले आणि उठताच आलं नाही. मांड्या जागेवर होत्या, पण त्यांना काही सांगितलं तर त्या ऐकत नव्हत्या.

यजमानांना हाक मारली. त्यांनी दार लोटलं. "काय झालं वं?"

"अजी, मले उठता येऊन नाही राहिलं."

त्यांना आधी हसू आलं, कारण मी कधी आजारी पडत नसे. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. डॉक्टर उभ्यानं बोलायचे थांबून खुर्ची ओढतात तेव्हा काहीतरी मोठं असतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं: शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडली आहे. पोटाच्या त्या बिघाडानं बहुधा सुरुवात झाली. हे पायांपासून वर चढतं. कुठपर्यंत चढेल, आज सांगता येत नाही. थांबलं की उतरायला लागतं, पण उतरायला वेळ लागतो.

"किती?" मी विचारलं.

"महिने. काहींना वर्ष."

"आणि पूर्ण उतरतं?"

"बहुतेकांचं बरंचसं उतरतं," ते म्हणाले. त्यांनी 'बहुतेकांचं' आणि 'बरंचसं' हे दोन्ही शब्द नीट वापरले. मला आवडलं नाही, पण पुढे त्याच माणसावर विश्वास बसला.

बाहेर मी स्ट्रेचरवर असताना यजमान मोठ्यानं बोलले. आसपास चार माणसं होती. "तुले कोणी सांगतलं होतं या वयात डोंगरं चढाले? आपल्या नागपुरात रस्ते नाही का? पोट्टी बोलावते आन् तू चालली!"

धावण्यानं हे होत नाही, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. यजमानांनीही ते ऐकलं होतं. मला तेव्हा एवढंच सांगायचं होतं की श्रुतीला कळवू नका. ते सांगितलं.

एका श्वासात

आयसीयूत मी बारा दिवस होते. कमरेपर्यंत गेलं, मग हात गेले, मग चेहरा. डोळे मिटत नव्हते, म्हणून सिस्टर पापण्यांवर चिकटपट्टी लावायच्या. पाणी एका कोपऱ्यातून ओघळायचं. वेदनेबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते: पाय हलत नव्हते पण दुखत होते, आणि चादरीचा स्पर्श इस्त्रीसारखा भाजत होता. हे मनाचे खेळ नाहीत. तुमच्या माणसानं असं सांगितलं तर विश्वास ठेवा आणि सिस्टरना सांगा, त्यावर औषध असतं.

दर काही तासांनी डॉक्टर म्हणायचे, "एका श्वासात मोजा." श्वासाचे स्नायू किती टिकून आहेत ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी चौतीसपर्यंत गेले. मग बावीस. मग पंधरा. आकडे कुठे चालले आहेत हे गणिताच्या बाईला सांगावं लागत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी लबाडी केली. भरभर मोजलं आणि सोळावर नेलं.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, घाई करू नका. विद्यार्थी कॉपी करतात तेव्हा तुम्ही काय करता?"

पुन्हा मोजलं. अकरा.

दुपारी नऊ. त्यांनी व्हेंटिलेटर आणवून खाटेशेजारी उभा केला. प्लगही लावला. मी त्याच्याकडे बघत पडून होते. खरं सांगते, मला देव आठवला नाही. शाळेच्या कपाटात तपासायच्या राहिलेल्या सहामाहीच्या वह्या आठवल्या, आणि कपाटाची किल्ली कोणाला सांगितलेली नाही हे आठवलं. भीती अशी कुठूनही येते.

यजमानांना दहा मिनिटं आत सोडलं. ते मास्क लावून उभे राहिले आणि म्हणाले, "चादर नीट नाही टाकली यांनी." मग सिस्टरना विचारून त्यांनी माझ्याखालची चादर दोन्ही बाजूंनी अशी ताणून घेतली की एकही सुरकुती राहिली नाही. तीस वर्षं कापडाची ठाणं उलगडणारा हात. भाजणं थोडं कमी झालं. त्या दिवसापासून ते आले की आधी चादर करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळीही नऊच. संध्याकाळी दहा. पुढच्या सकाळी बारा. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचा प्लग काढला, पण तो शेजारीच ठेवला. तो आणल्याच्या पाचव्या दिवशी त्याला ढकलत दुसऱ्या खाटेकडे नेलं, तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच त्या दुसऱ्या खाटेवरच्या माणसाबद्दल वाईट वाटलं.

दुपारी माणसं भेटायला येण्याआधी एक रिकामा वेळ असायचा. तेव्हा मी त्या तीन वाटा मनात धावायची. डोळे तसेही मिटत नव्हते. गंमत म्हणजे चढ मला जवळजवळ आठवतच नव्हते. उतार दगडान् दगड आठवत होते. पाटाच्या वाटेवर एका ठिकाणी पाणी आडवं जातं, तिथून पुढे पाट उजवीकडे येतो की डावीकडेच राहतो, यावर मी दोन दिवस अडून होते. विचारायला श्रुती नव्हती. तिला तर काही सांगितलंच नव्हतं.

श्रुती

माझ्या मोबाइलवर धावण्याची नोंद ठेवणारं अॅप आहे. श्रुतीला त्यात माझं रोजचं धावणं दिसतं. सहा दिवस काहीच आलं नाही, तेव्हा तिनं बाबांना फोन केला. त्यांनी सांगितलं, शाळेत परीक्षेचं काम आहे. ती म्हणाली, "बाबा, परीक्षा असली तर आई दोन वेळा धावते." त्यापुढे त्यांना खोटं बोलता आलं नाही.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी ती पोचली. माझ्या खाटेजवळ आली, पाच मिनिटं हात धरून उभी राहिली. मी हसायचा प्रयत्न केला पण चेहरा जागचा हलला नाही. तिला वाटलं मी ओळखलं नाही. बाहेर जाऊन बाबांवर भडकली. "तुम्ही मला काहून नाही सांगितलं? ती गेली असती तर?"

"तिनंच नाही म्हटलं होतं."

"ती म्हणेलच! तुम्ही कोण आहात मग?"

हे मला नंतर कळलं. आजारी माणसाच्या खाटेपासून वीस पावलांवर घरातली माणसं कशी भांडतात, हे आजारी माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

मग ती राहिली. वॉर्डात तीन आठवडे, घरी अडीच महिने. मला भरवलं, केस विंचरले, लघवीचं भांडं लावलं. पाट डावीकडेच राहतो, हेही सांगितलं. एन्कार्नाबाई तिच्या फोनवर आवाजी निरोप पाठवायच्या. श्रुती ते मराठीत करून सांगायची: वादळात चेस्टनटचं एक झाड पडलं, वाट बंद आहे, गावकरी रविवारी कापणार. पुढच्या निरोपात: कापलं. मी बरी होईन, देव भलं करील, असलं काही त्या बोलत नसत. वाट कुठे मोकळी आहे तेवढंच. मला तेच बरं वाटायचं.

दादाच्या पावड्या

घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट अश्विनी मॅडम रोज यायच्या. पहिला महिना माझं काम एकच होतं: पायाचा चवडा स्वतःकडे ओढायचा. चवडा हलायचा नाही. त्या म्हणायच्या, "हलला नाही तरी चालेल काकू, तुम्ही हुकूम सोडत राहा. रस्ता दुरुस्त होऊन राहिला आहे, गाडी पोचेल." दिवसात शंभर हुकूम. मी वैतागायची. रोज हरायला बसल्यासारखं वाटायचं.

उमरेडहून दादा भेटायला आला. माझा मोठा भाऊ, सत्तरीचा. तासभर बसून माझा व्यायाम पाहिला आणि म्हणाला, "बाई, हे तं मागाच्या पावड्यासारखं हाये." हातमागाखाली पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पावड्या म्हणतो. एक खाली गेली की दोरीनं दुसरी वर येते. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून मी त्या दाबायची.

पुढच्या आठवड्यात तो एसटीनं आला, पिशवीत दोन फळ्या, सुती दोरी आणि एक कप्पी. खाटेच्या पायथ्याशी बसवलं. डावा पाय किंचित दाबला की उजवी फळी उजवा चवडा वर उचलायची. म्हणजे जो पाय ऐकत नव्हता त्याला दुसरा पाय हलवून दाखवत होता. अश्विनी मॅडमनी पाहिलं, दोरीची लांबी कमी केली आणि म्हणाल्या, "मामा, हे मी दुसऱ्या पेशंटलाही सांगू का?" दादा लाजला. "सांगा न. पण गाठ अशीच बांधाची, नाही तं सुटते."

फळीवर तीन आठवडे झाल्यावर एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला. डोळ्यांना दिसला, आत जाणवला नाही. मी श्रुतीला हाक मारली. ती धावत आली तोवर तो पुन्हा थांबला होता. आम्ही दोघी अर्धा तास अंगठ्याकडे पाहत बसलो.

सहा पावलं

मार्चच्या सुरुवातीला मी वॉकर धरून उभी राहिले. कमरेला पट्टा, पट्टा श्रुतीच्या हातात. सहा पावलं. तळव्यांना जमीन कळत नव्हती, म्हणून मी पूर्णवेळ पायांकडे बघत होते. पाय कुठे आहेत ते डोळ्यांनीच समजायचं. नजर वर केली की तोल जायचा. एन्कार्नाबाईंनी शिकवलेलं सगळं उलटं झालं होतं.

त्याच आठवड्यात यजमानांनी मला एक गोष्ट सांगितली. श्रुती तीन वर्षांपासून डोंगरउतारावरच्या काही ठरावीक जागांची माती दर महिन्याला, त्याच सुमाराला, गोळा करत होती. चार महिने एक मित्र कसाबसा ते करत होता. आता तो जाणार होता. तिच्या मार्गदर्शकांनी लिहिलं होतं: मार्चच्या मध्यापर्यंत ये, नाहीतर साखळी तुटेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तिनं 'येत नाही' असं उत्तर लिहून ठेवलं होतं. पाठवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला अश्विनी मॅडमनी सांगितली होती, श्रुती खोलीत नसताना. "काकू, राग मानू नका. तुम्ही पोरीच्या हातावर चालून राहिल्या, पायांवर नाही."

खरं होतं. पट्टा तिच्या हातात असला की मी माझं वजन मागे टाकायची.

मी श्रुतीला म्हटलं, "तू जा."

"कुठे?"

"माती उचलाले."

ती बाबांकडे वळून पाहू लागली. "मी जाणार नाही. तुला एकटीला बाथरूमपर्यंत जाता येत नाही, आई."

"तू असेपर्यंत येणार पण नाही."

मला म्हणायचं होतं काय आणि निघालं काय. चेहरा अजून पूर्ण सुटलेला नव्हता, शब्द जाड येत होते, आवाजात माया आणता येत नव्हती. तिनं पट्टा खाटेवर ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे तू चालत नाही?"

मी गप्प राहिले. नाही म्हटलं असतं तर ती राहिली असती.

ती गेली. जाताना पायाला हात लावला. त्यानंतर चाळीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रोज बाबांना फोन करून एकच विचारायची, "आज किती?" ते सांगायचे: अकरा. सतरा. आज उभीच राहिली नाही, ताप होता. हॉलपर्यंत.

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी मी वॉकरसकट पडले. यजमान घाबरले, फोन हातात घेऊन उभे. "बोलावू का तिले?" मी म्हटलं, "आधी मले उचला." त्यांनी उचललं. मग ते स्वतः पट्टा धरायला शिकले. अश्विनी मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की पट्टा ढिला धरा, ती पडत असेल तरच ताणा. ते इतका ढिला धरायचे की मला भीतीनं सरळ चालावं लागायचं. धावण्याबद्दल ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत. चुकलं असंही म्हणाले नाहीत. सकाळी मला चालवून मगच दुकानात उशिरा जायला लागले, एवढंच. तिथे पहिलं गिऱ्हाईक दहाला येतं हे मला माहीत आहे.

एप्रिलच्या शेवटी मी हातात कपबशी घेऊन ओट्यापासून गॅलरीपर्यंत गेले, काठीशिवाय. चहा बशीत सांडला. यजमानांनी त्याचा व्हिडिओ श्रुतीला पाठवला. थोड्या वेळानं माझ्या फोनवर तिचा फोटो आला. मातीच्या छोट्या पिशव्या ओळीनं, प्रत्येकीवर महिन्याचं नाव. एकही महिना गळलेला नव्हता. खाली लिहिलं होतं, "चहा कमी भर."

जे कामाचं वाटलं

मला विचाराल तर तीन-चार गोष्टी सांगेन. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या. बरं वाटण्याचा वेग मोजायचा असेल तर कालशी नाही, मागच्या महिन्याशी मोजा. रडायला येतं, कारण नसताना येतं, आणि नंतर कारण असूनही येत नाही. घरच्या माणसाला आठवड्यातून एक दुपार तुमच्यापासून सुट्टी द्या. तो घेणार नाही म्हणेल, तरी द्या. आणि कोणी म्हणालं की अमक्याला पंधरा दिवसांत उठवलं, तर त्या अमक्याचा नंबर मागा. सहसा तो मिळत नाही.

मी शाळेत परतले ते सहामाहीनंतर, खुर्चीवर बसून शिकवायच्या बोलीवर. उजवा चवडा पूर्ण परत आलेला नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते, नाहीतर पाऊल लोंबतं. धावणं नाही. वेगानं चालणं आहे.

पाइनची वाट

गेल्या दिवाळीत मी पुन्हा स्पेनला गेले. यजमान म्हणाले, "जा, पण उतारावर सांभाळजो."

या वेळी श्रुतीनं ग्रानादाजवळचं पाइनचं जंगल निवडलं. दरी नाही, कडे नाहीत, वाट रुंद. आम्ही आधी कधी तिथे गेलो नव्हतो. खाली पाइनच्या सुया, म्हणजे सुईसारखी वाळकी पानं, पसरलेल्या, चालताना आवाज येत नाही. ती माझ्या वेगानं चालत होती. तासाभरानं वाटेला दोन फाटे फुटले. एक डोंगराला वळसा घालून जाणारा लांबचा, एक जंगलातून थेट खाली गाडीपर्यंत. माझी पावलं जड व्हायला लागली होती.

"आपण खालच्यानं जाऊ," श्रुती म्हणाली.

"मी जाते. तू वरून ये. धावत."

"आई."

"खुणा आहेत न झाडांवर. जाईन मी."

ती माझ्या उजव्या बुटाकडे बघत राहिली. मग तिनं पाण्याची बाटली माझ्या पिशवीत सरकवली, स्वतःच्या बुटाची नाडी घट्ट केली आणि निघाली. पहिल्या वळणापर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं. मग पाहिलं नाही.

मी उतरायला लागले. बरी चालले होते, आणि म्हणूनच असेल, नजर वर गेली. एका मुळाला चवडा अडकला आणि मी पुढच्या पुढे आडवी झाले. दोन्ही गुडघे, एक तळहात. सुयांमुळे डोकं वाचलं.

आसपास कोणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती. इथे एक सांगायला हवं. या आजारात उभं राहणं येतं, चालणं येतं, जिनाही येतो, पण सपाट जमिनीवरून, काही धरायला नसताना उठणं सगळ्यात शेवटी येतं. मला ते आलं नव्हतं. घरी मी पडले की यजमान असायचे, शाळेत मुली.

कशीबशी वळून तिथेच बसले. पाणी प्यायले. मग हातागुडघ्यांवर आले आणि रांगत जवळच्या झाडापर्यंत गेले. गुडघे चांगलेच झोंबले. डावा गुडघा चांगला, तो पुढे घेतला, दोन्ही हात बुंध्यावर टेकवले, आणि ढकललं. अर्ध्यावर मांडी थरथरली, परत खाली बसले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी ढकलायची घाई केली नाही. हात बुंध्यावर एक वीत वर, मग अंग थोडं वर, मग पुन्हा हात. सालीचे तुकडे नखांत गेले, तळवे चिकानं भरले. किती वेळ लागला माहीत नाही. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे आणि झाडाला मिठी मारून आहे. सोडायला आणखी थोडा वेळ घेतला.

उरलेली वाट मी पायांकडे बघत उतरले.

गाडीपाशी दगडावर बसले होते तेव्हा श्रुती वरून आली. घामानं भिजलेली, गाल लाल, आठ वर्षांची असताना अंगणातून यायची तशी. माझे गुडघे पाहून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"पडली होती."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. आजूबाजूला पाहिलं. गाडीतळ रिकामा होता, वाटेवरही कोणी नव्हतं.

"मग? कोणी उचललं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "उठली."